सोन्याचा आरसा काळा कसा होतो? नॅनोरचना, अनुनाद आणि प्रकाशशोषण

चकमक:

सोनं हा अवरक्त प्रकाशासाठी उत्तम आरसा आहे. १.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश (टेलिफोनच्या फायबरमधून साधारण असाच प्रकाश धावतो) सोन्यावर पडला तर ९७ टक्क्यांहून जास्त परत फिरतो. मॅग्नेशियम फ्लोराइड पूर्ण पारदर्शक, कॅमेऱ्याच्या भिंगांवर त्याचा लेप असतो. आता सोन्याच्या आरशावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम ३० नॅनोमीटरचा थर द्यायचा आणि त्यावर सोन्याच्याच, साडेतीनशे नॅनोमीटरच्या आसपास व्यास असलेल्या चपट्या चकत्या ओळीने मांडायच्या. जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात हाराल्ड गीसेन यांच्या गटाने २०१० मध्ये हे केलं आणि १.६ मायक्रोमीटरला ९९ टक्के शोषण मिळवलं.

आरसा, पारदर्शक थर आणि वर पुन्हा आरशाचेच तुकडे. यातला एकही पदार्थ काळा नाही. मग प्रकाश जातो कुठे?

यावरच्या लोकप्रिय लेखांत 'नॅनोरचना प्रकाश पकडून ठेवतात' एवढं सांगून विषय संपवतात. माझ्या मते खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

चकती आणि आरसा यांच्यामधल्या फटीत शिरलेली लाट चकतीच्या दोन कडांमध्ये ये-जा करते. या अरुंद फटीत ती इतकी आखडते, की बाहेर १६०० नॅनोमीटरची असलेली लाट इथे त्या इवल्याशा चकतीखाली अर्धी बसते. हा झाला अनुनाद. साठलेली ऊर्जा दोनच वाटांनी कमी होऊ शकते: कडांमधून पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर (तिला 'गळती' म्हणू), किंवा सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या धडकांमधून उष्णता म्हणून (हे 'जिरणं'). खालचा आरसा जाड असल्याने आरपार जायची वाट बंदच.

परतणारा प्रकाशही दोन तऱ्हेचा असतो. एक, वरच्या वर थेट परतलेला. दुसरा, फटीतून गळून आलेला. अनुनादाच्या तरंगलांबीला हे दोघे बरोबर उलट फेजमध्ये येतात, म्हणजे एकाचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खळगा. दोघांची उंचीही सारखी असली तर बाहेर काहीच उरत नाही. ती सारखी होते गळती आणि जिरणं यांचे दर समान असतील तेव्हाच. ऐन अनुनादाला हिशोब असा:

शोषण = ४ × गळती × जिरणं ÷ (गळती + जिरणं)²

दोन्ही समान, तर १०० टक्के. जिरणं गळतीच्या तिप्पट, तर ७५. नऊपट, तर ३६. थोडक्यात, एका मर्यादेपलीकडे पदार्थ जितका जास्त 'शोषक' घ्याल तितकी रचना कमी शोषेल.

सातपुडा_एक्सप्रेस:

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. पण तो नऊपटीचा हिशोब पचायला जड जातोय. तंबोऱ्याची तार बोटाने दाबून धरली तर ती घुमतच नाही, तसं काही आहे का?

चकमक:

हो, तसंच. जिरणं फार वाढलं की फटीत लाट साठूच शकत नाही. साठली नाही तर गळून बाहेर काय येणार? मग थेट परतलेल्या प्रकाशाला खोडायला कोणी उरत नाही आणि आरसा आरसाच राहतो. उलट टोकाला, जिरणं फार कमी असेल तर गळून येणारी लाट गरजेपेक्षा मोठी होते. खोडून झाल्यावरही ती शिल्लक उरते आणि पुन्हा परावर्तन दिसतं. नऊपट काय किंवा नवव्या हिश्शाइतकं काय, आकडा दोन्हीकडे ३६च, पण परतणाऱ्या लाटेची फेज मोजली तर आपण कुठल्या बाजूला आहोत ते लगेच कळतं.

गुरुत्वमध्य:

विवेचन चांगलं आहे, पण इतिहास अर्धा राहिला. ही कल्पना रडारवाल्यांची. विनफिल्ड सॅलिसबरी यांचा पडदा पाहा, अमेरिकन पेटंट १९५२चं. धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीवर ३७७ ओहमचा रोधक पडदा टांगायचा. ३७७ ओहम म्हणजे मोकळ्या अवकाशाचा इंपीडन्स (लाटेला होणारा विरोध). येणाऱ्या लाटेला पुढे काही वेगळं आहे हे कळतच नाही, आणि परावर्तन शून्य. अडचण फक्त जाडीची. पाव तरंगलांबी म्हणजे १० गिगाहर्ट्झला साडेसात मिलिमीटर.

२००८ मध्ये नेथन लँडी, विली पडिला, डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 'परिपूर्ण मेटामटेरियल शोषक' जाहीर केला, तोही ११.५ गिगाहर्ट्झला (मेटामटेरियल म्हणजे जिचे गुण पदार्थापेक्षा बारीक नक्षीतून येतात अशी रचना). सिम्युलेशनमध्ये ९९ टक्के, प्रत्यक्ष मोजणीत ८८. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की वरचा नमुना विद्युत प्रतिसाद देतो, वरच्या-खालच्या धातूंत उलटसुलट वाहणारे प्रवाह चुंबकीय प्रतिसाद देतात आणि दोन्ही जुळले की इंपीडन्स मोकळ्या अवकाशाइतका होतो. ऐकायला भारी. पण २०१२ मध्ये लॉस अलामॉसच्या हौ-टाँग चेन यांनी दाखवलं, की वरचा नमुना आणि खालचा आरसा वेगवेगळे धरून मधल्या परावर्तनांची नुसती बेरीज केली तरी तेच उत्तर मिळतं. म्हणजे निदान त्या रचनांमध्ये 'चुंबकीय' हे विशेषण सजावटीपुरतंच उरतं.

चकमक:

सजावट म्हणणं जरा जास्त होतंय. चेन यांची पद्धत चालते ती मधला थर पुरेसा जाड असताना. फट ३० नॅनोमीटरवर आली की वरचा आणि खालचा धातू वेगळे धरताच येत नाहीत. दोघांची जवळची क्षेत्रं एकमेकांत घुसलेली असतात आणि उलटसुलट प्रवाहांचं चित्रच खरं ठरतं. तिन्ही कथा (इंपीडन्स, व्यतिकरण म्हणजे परतणाऱ्या लाटांची बेरीज, आणि गळती-जिरणं) एकाच गणिताच्या आहेत. मला तिसरी आवडते, कारण रचना करताना कुठला खटका फिरवायचा ते तीच सांगते. फट अरुंद केली की चकतीतला प्रवाह आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना जास्त खोडतात आणि गळती घटते. फट रुंदावली की गळती वाढते. तरंगलांबी ठरवायची चकतीच्या व्यासाने, समतोल साधायचा फटीच्या जाडीने. अर्थात फटीने तरंगलांबीही थोडी सरकते, म्हणून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

गुरुत्वमध्य:

अतिअरुंद फटीपुरतं मान्य. बाकी माझं मत कायम.

मीनाक्षी_क्लीनरूम:

गणित झालं असेल तर थोडं प्रत्यक्षातलं. हे काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्या शोधनिबंधात एका ओळीत उरकलेल्या असतात.

सोनं काचेवर किंवा फ्लोराइडवर धड चिकटत नाही, म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा २ ते ५ नॅनोमीटरचा थर देतात. तो नेमका चकतीच्या बुडाशी येतो, म्हणजे जिथे क्षेत्र सगळ्यात तीव्र तिथेच. क्रोमियममध्ये जिरणं सोन्याच्या कितीतरी जास्त. शिखर पसरट होतं, तांबड्याकडे सरकतं, आणि सिम्युलेशनमध्ये हा थर धरलाच नसेल तर विद्यार्थी महिनाभर डोकं धरून बसतात. जमेल तितका पातळ द्या, नाहीतर सेंद्रिय रेणूंचा चिकट थर वापरा.

दुसरं, सोन्याचे प्रकाशीय आकडे. साधं ड्रूड सूत्र (धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे धरणारं) अवरक्तात चालतं, पण ५०० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्याखाली सोन्यातले आतल्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉनही प्रकाश खाऊ लागतात (सोनं पिवळं दिसतं ते त्यामुळेच) आणि सूत्र कोलमडतं. तिथे जॉन्सन आणि क्रिस्टी यांची १९७२ची मोजमापं घ्या. एक लक्षात ठेवा, तुमच्या यंत्रात बाष्पीभवनाने बसवलेलं सोनं त्यांच्या सोन्यापेक्षा खडबडीत असू शकतं आणि त्यात जिरणं जास्त असतं. चकमक यांच्या सूत्राप्रमाणे समतोल तिथेच ढळतो.

तिसरं, ३० नॅनोमीटरच्या फटीत जाळीचे दोन-तीन चौकोन बसवून एफडीटीडी (जागेचे चौकोन पाडून लाट संगणकावर पुढे सरकवण्याची पद्धत) चालवू नका. निदान दहा तरी हवेत.

सातपुडा_एक्सप्रेस:

ताई, पण एवढ्या बारीक चकत्या पाडायच्या कशा? आमच्या कॉलेजात ऑप्टिकल बेंच आहे, बस.

मीनाक्षी_क्लीनरूम:

इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी. पृष्ठभागावर पीएमएमए (बीम पडेल तिथे विरघळण्याजोगं होणारं प्लास्टिक) पसरायचं, बीमने नक्षी काढायची, डेव्हलप करून सोनं बसवायचं आणि उरलेलं अॅसिटोनमध्ये उचलून टाकायचं. वेळखाऊ आणि महाग. पण आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएस्सीमध्ये सरकारचा आयएनयूपी नावाचा उपक्रम आहे, त्यातून बाहेरच्या कॉलेजच्या लोकांनाही यंत्रं वापरता येतात. गाईडकडून प्रस्ताव पाठवायला सांग.

लिथोग्राफी टाळायचीही युक्ती आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने सोन्याच्या थरावर पॉलिमरचा पातळ लेप देऊन त्यावर रसायनाने बनवलेले चांदीचे नॅनोघन नुसते पसरले. ओळी नाहीत, जाळी नाही, घन कसेही पडलेले. तरीही परावर्तन जवळजवळ नाहीसं झालं, कारण अनुनाद प्रत्येक घनाखालच्या फटीचा आहे, मांडणीचा नाही. मला हा प्रयोग या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

भांडारदऱ्याचा_काजवा:

माझा जरा भाबडा प्रश्न. रोमन लोकांचा तो पेला आहे ना, ब्रिटिश म्युझियममधला, बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आत दिवा ठेवला तर लाल? तोही हाच प्रकार का?

चकमक:

लायकर्गस पेला, चौथ्या शतकातला. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत. नातेवाईक म्हणायला हरकत नाही, पण तिथला अनुनाद वेगळा. सुट्या गोल कणात सगळे इलेक्ट्रॉन एकदम डावी-उजवीकडे डोलतात आणि हे कुठल्या रंगाला घडेल ते धातू आणि भोवतालची काच यांच्या गुणधर्मांवर ठरतं. लहान कणांत आकारमानाचा फारसा संबंधच नसतो. म्हणून पाण्यातले २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण कुठल्याही प्रयोगशाळेत ५२० नॅनोमीटरच्या आसपासच, म्हणजे हिरवा प्रकाश खातात आणि द्रावण माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेंनी १८५७ मध्ये यावर रॉयल सोसायटीत व्याख्यान दिलं आणि १९०८ मध्ये गुस्टाफ मी (Mie) यांनी गोलाचं संपूर्ण गणित सोडवलं. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा याच कणांची असते.

चकती-फट-आरसा या रचनेत मात्र लगाम आपल्या हातात. व्यास बदलला की तरंगलांबी बदलते.

झिरो_केल्विन:

व्हँटाब्लॅक राहिलं की! ९९.९६५ टक्के. यापुढे तुमच्या ९९ची काय कथा?

मीनाक्षी_क्लीनरूम:

२०१४चं, सरे नॅनोसिस्टिम्सचं. त्यात अनुनाद नाहीच. उभ्या कार्बन नॅनोनळ्यांचं रान आहे, त्यात प्रकाश आपटत आपटत संपतो. सगळे रंग खातं, पण त्याला अनेक मायक्रोमीटरची उंची लागते आणि हात लावला की गेलं. दोघांची स्पर्धा लावण्यात अर्थ नाही.

झिरो_केल्विन:

मग एवढा पातळ आणि सगळे रंग खाणारा थर का नाही बनवत? विमानांना फासायला बरा.

गुरुत्वमध्य:

कारण निसर्ग तेवढी सूट देत नाही. कॉन्स्टँटिन रोझानोव यांनी २००० मध्ये सिद्ध केलेली मर्यादा आहे. धातूच्या पत्र्यावरचा चुंबकीय नसलेला शोषक घ्या. ९० टक्के शोषण तरंगलांबींच्या जेवढ्या पट्ट्यात हवं, त्या पट्ट्याच्या रुंदीच्या सतराव्या हिश्शाइतकी तरी जाडी लागतेच. नक्षी कशीही काढा. २ ते १८ गिगाहर्ट्झचं रडार म्हणजे तरंगलांबी १५ सेंटिमीटरपासून पावणेदोनपर्यंत. भागाकार केला तर जवळजवळ आठ मिलिमीटर. चुंबकीय पदार्थ घातले तर थोडी सवलत, पण वजन वाढतं. 'कागदाइतका पातळ, सर्व रडारांपासून अदृश्य' अशी बातमी दिसली की मी हा भागाकार करतो आणि पान उलटतो.

सिलिकॉनचा_खडा:

सगळी चर्चा धातूवरच चाललीय म्हणून लिहितो. धातू आणि आरसा दोन्ही नसतानाही हे जमतं.

आधी एक मर्यादा. हवेत टांगलेला, तरंगलांबीच्या मानाने अतिशय पातळ थर घ्या. त्यातले प्रवाह पुढे आणि मागे सारखीच लाट फेकतात. त्यामुळे कितीही नीट जुळवलं तरी ५० टक्क्यांवर शोषण जात नाही, २५ टक्के परततात आणि २५ आरपार जातात. गुरुत्वमध्य यांचा रोधक पडदा पत्र्याशिवाय टांगला तर त्याचंही हेच होतं (तेव्हा सर्वोत्तम रोध ३७७ च्या निम्मा). म्हणूनच सगळे जण मागे आरसा लावतात.

सिलिकॉनसारख्या मोठ्या अपवर्तनांकाच्या पदार्थाचा कण मात्र दोन प्रकारे घुमतो, विद्युत आणि चुंबकीय. साधारण १५० नॅनोमीटरचा सिलिकॉनचा गोल घ्या. अपवर्तनांक ४च्या आसपास, म्हणजे ६०० नॅनोमीटरची लाट आत १५०ची होते, गोलात नेमकी मावते आणि विद्युतक्षेत्र आतल्या आत गोल फिरू लागतं. हा चुंबकीय अनुनाद दृश्य प्रकाशात २०१२ मध्ये प्रयोगांनी दाखवला गेला. इथे 'चुंबकीय' ही सजावट नाही, बरं का गुरुत्वमध्य! विद्युत अनुनाद पुढे-मागे सारखी लाट फेकतो, चुंबकीय अनुनाद उलट चिन्हाची. कणाचा आकार असा बेतायचा की दोन्ही एकाच तरंगलांबीला येतील आणि दोन्हींत गळती बरोबर जिरणं असेल. मग मागची लाट आपापसात खोडली जाते, पुढची येणाऱ्या प्रकाशाला खोडते. दोघांचे ५०-५० मिळून १००. पडिला यांच्याच गटाने २०१७ च्या सुमारास डोप केलेल्या (भेसळ घालून वाहकता वाढवलेल्या) सिलिकॉनच्या बुटक्या दंडगोलांनी टेराहर्ट्झमध्ये असा शोषक करून दाखवला.

याचं महत्त्व मला वाटतं ते असं: उष्णता कुठे निर्माण होते? गीसेन यांच्या रचनेत सगळी सोन्यात, फ्लोराइडमध्ये शून्य. लँडींच्या मायक्रोवेव्ह शोषकात याच्या उलट. तिथे तांबं जवळजवळ आदर्श वाहक, ऊर्जा जिरते ती मुख्यतः सर्किट बोर्डाच्या एफआर-४ मध्ये (काचतंतू आणि इपॉक्सीचा पत्रा). चित्र तेच, पण जळणारी वस्तू वेगळी. तापमान वाढवायचं असेल तर धातू चालेल. डिटेक्टर किंवा सौरघट करायचा असेल तर प्रकाश अर्धवाहकातच जिरला पाहिजे, धातूत गेलेला प्रत्येक फोटॉन वाया.

छपरावरचे_काका:

मंडळी, मी पुण्यात सोलर वॉटर हीटर बसवण्याचा धंदा करतो. तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण निर्वात नळ्यांच्या आतल्या काचेवर जो काळपट-निळसर थर असतो, त्याला कंपनीवाले 'सिलेक्टिव्ह कोटिंग' म्हणतात. साधा काळा रंग का चालत नाही, हे गिऱ्हाईक विचारतं. तो थर यातलाच का?

मीनाक्षी_क्लीनरूम:

काका, यातलाच, आणि या धाग्यातला सगळ्यात जास्त विकला गेलेला नमुना तुमच्याच गोदामात आहे.

त्या नळ्यांवर बहुधा असं असतं: सगळ्यात आत तांबं किंवा अॅल्युमिनियमचा चकचकीत थर, त्यावर अॅल्युमिनियम नायट्राइडमध्ये धातूचे अतिबारीक कण विखुरलेला थर, वर नुसतं पारदर्शक नायट्राइड. सगळं मिळून एक मायक्रोमीटरच्याही आत. उन्हाच्या तरंगलांबींना हे कण आणि थरांमधलं व्यतिकरण मिळून ९० टक्क्यांहून जास्त शोषतात. आता पाणी ८० अंशांना तापलं की नळी स्वतः उष्णता फेकायला बघते, ती ८ मायक्रोमीटरच्या आसपास. त्या लांब लाटांना एवढा पातळ थर दिसतच नाही, दिसतो तो आतला चकचकीत धातू. आणि जो पृष्ठभाग एखादी तरंगलांबी शोषत नाही तो ती फेकूही शकत नाही, हा किरखॉफचा नियम. काळा रंग उन्हात शोषतो, पण तेवढ्याच उत्साहाने उष्णता बाहेरही फेकतो. गिऱ्हाइकाला एवढंच सांगा.

छपरावरचे_काका:

आता कळलं. निर्वात गेलेल्या नळीचं पाणी कोमट का राहतं तेही यातच आलं का?

मीनाक्षी_क्लीनरूम:

नाही काका, ते वेगळं. निर्वात गेला की मधल्या हवेतून उष्णता जाते, त्यापुढे कोटिंग काही करू शकत नाही.

भांडारदऱ्याचा_काजवा:

आपल्याकडे यावर मूळ संशोधन होतं का?

सिलिकॉनचा_खडा:

होतं, आणि मुंबईतच. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये 'काळं सोनं' प्रसिद्ध केलं. तंतुमय सिलिकाच्या नॅनोगोलांवर सोन्याचे कण वाढवायचे. कणांमधली अंतरं कमी-जास्त असल्याने शेजारच्या कणांचे अनुनाद एकमेकांत गुंततात, वेगवेगळ्या रंगांना विखुरतात आणि सगळे मिळून दृश्य ते अवरक्त पट्टा व्यापतात. म्हणून सोनं काळं दिसतं. त्यांचा हेतू कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करण्यासाठी उत्प्रेरक मिळवण्याचा.

त्याआधी २००८ मध्ये टीआयएफआरच्याच जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेतून आणखी एक काम आलं होतं. तरंगलांबीपेक्षा बारीक रेघांच्या ग्रेटिंगवर अतितीव्र, अतिअल्प लेझर स्पंद टाकले, आणि विशिष्ट कोनात जवळजवळ सगळी ऊर्जा आत गेली. त्या क्षणी पृष्ठभागाचा प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) होत असतो, तरी रेघांचा परिणाम टिकतो आणि क्ष-किरण वाढतात. हा धागा मागे नेला तर थेट १९०२ मध्ये रॉबर्ट वुड यांनी ग्रेटिंगच्या वर्णपटात पाहिलेल्या, तेव्हा कोणालाच न उलगडलेल्या काळ्या पट्ट्यांपर्यंत जातो. १९७६ मध्ये हटली आणि मेत्र यांनी सोन्याच्या उथळ ग्रेटिंगवर तोच परिणाम संपूर्ण शोषणापर्यंत नेला. मेटामटेरियल हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

सातपुडा_एक्सप्रेस:

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यावा असं वाटू लागलंय. लॅपटॉपवर काय करता येईल? सुरुवात चकत्यांनी करू का?

चकमक:

चकत्यांनी नको. आधी बिननक्षीचं कर. २०१३ मध्ये हार्वर्डच्या फेदेरिको कापासो यांच्या गटाने सोन्यावर जर्मेनियमचे नुसते सपाट थर दिले, ७ ते २५ नॅनोमीटरचे. काही नॅनोमीटरच्या फरकाने रंग गुलाबीपासून निळ्या-जांभळ्यापर्यंत बदलतो. जर्मेनियम दृश्य प्रकाशात स्वतःच शोषतं आणि सोनंही तिथे आदर्श आरसा नाही, त्यामुळे पृष्ठभागांवर फेज शून्य किंवा अर्ध्या फेऱ्याऐवजी अधलीमधली बदलते आणि पाव तरंगलांबीची अट गळून पडते. याला ट्रान्सफर मॅट्रिक्स (सपाट थरांचं परावर्तन थराथराने मोजण्याची पद्धत) पुरतं, पायथनमध्ये पानभर कोड. जॉन्सन-क्रिस्टीचे आकडे सोन्याला वापर. जाडी एकेक नॅनोमीटरने वाढवत परावर्तनाचा आलेख काढ.

ते जमलं की मीप हे एफडीटीडीचं सॉफ्टवेअर उतरवून घे, एमआयटीचं आहे, फुकट आहे. मग चकत्या. फटीची जाडी १० पासून ६० नॅनोमीटरपर्यंत बदल आणि प्रत्येक वेळी शिखराची उंची आणि रुंदी दोन्ही टिपून ठेव. त्या दोन आकड्यांवरून गळती आणि जिरणं वेगळे काढता येतात. अट एकच, समतोलाच्या कुठल्या बाजूला आहोत ते फेजवरून आधी ठरव.

मीनाक्षी_क्लीनरूम:

आणि क्रोमियम धरून एकदा, न धरता एकदा. दोन्ही आलेख इथे टाक.